रविवारचं तेल

लग्न होऊन उज्जैनला आले तेव्हा मला वाटलं, सासरची माणसं फार भांडखोर आहेत. आमचे हे आणि त्यांचे मित्र ओट्यावर बसून ज्या आवाजात गप्पा मारायचे, त्या आवाजात आमच्या साताऱ्याला फक्त भांडणं व्हायची. मी दाराआडून ऐकायची तर विषय काय, तर भुट्ट्याचा कीस कुठे चांगला मिळतो. मग कळलं की हे सगळे कापडाच्या मिलमध्ये विणाई खात्यात आहेत. तिथे माग चालू असले की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून आत ते बोलतच नाहीत, हातांनी खुणा करतात. बाहेर आले की ओरडतात, कारण तोवर कान गेलेले असतात.

कानांबद्दल घरात कोणी बोलायचं नाही असा अलिखित नियम होता. ह्यांना हाक मारायची तर समोर जाऊन मारायची, एवढं सासूबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. बाकी सगळं मी बघून बघून शिकले. तळहात हवेत गोल फिरवला म्हणजे चालू आहे, मूठ मिटली म्हणजे बंद. अंगठा खाली वाकवला म्हणजे तेल आण. जेवताना मी वाढत असले आणि ह्यांनी मूठ मिटली की समजायचं, पोट भरलं.

मिल बंद पडली ती एका दिवसात नाही. आधी रात्रपाळी गेली, मग दुसरी पाळी, मग एक दिवस फाटकाला कुलूप लागलं. तेच दिवस होते जेव्हा पेपरात रोज लिहून यायचं की देश आता खुला झाला. फ्रीगंजात रंगीत टीव्हीची नवी दुकानं निघाली, परदेशी नावांची थंड पेयं आली, आणि आमच्या वस्तीतल्या माणसांना सकाळी जायला जागा राहिली नाही. मिल पुन्हा सुरू होणार अशी बातमी महिन्या-दोन महिन्यांनी कोणीतरी आणायचं. हे त्या दिवशी दाढी करायचे.

मी डबा भरायचं थांबवलं नाही. पहाटे उठून पोळ्या करायच्या, भाजी करायची, डब्यात भरायची, ही सवय हाताला लागलेली. हे तो डबा ओट्यावर नेऊन ठेवायचे आणि दुपारी मिलच्या सुट्टीच्या वेळी तिथेच बसून खायचे. घरात ताट-वाटी असताना नवरा ओट्यावर बसून डबा खातो, हे बघून मला रडू यायचं आणि रागही यायचा. मुलगी लग्न होऊन देवासला गेलेली, तिच्याजवळ तरी काय बोलणार. मला फक्त एवढंच हवं होतं की ह्यांनी सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडावं. कुठेही जावं, पण पडावं.

ह्यांचा धाकटा भाऊ इंदूरला बँकेत. त्याने नवी गाडी घेतली तेव्हा जुनी व्हॅन आमच्या दारात आणून उभी केली आणि म्हणाला, "दादा, ठेव तुझ्याकडे, माझ्याकडे उभी सडेल." ती पांढरी व्हॅन म्हणजे चाकांवर ठेवलेला डबाच. ह्यांनी ती चालवायला शिकून घेतलं आणि माधव नगरातली मुलं शाळेत न्यायला सुरुवात केली. सकाळी मुलं सोडायची, दुपारी परत आणायची. मधल्या वेळात घरी येता आलं असतं, पण आले नाहीत. शाळेच्या भिंतीपाशी निंबाच्या सावलीत व्हॅन लावायचे आणि तिथेच डबा खायचे. संध्याकाळी रिकामा डबा मोरीत ठेवताना तो वाजायचा, आणि मी इतकी सुखी असायची की लाज वाटावी.

आता ऐकायला न येणारा माणूस मुलांची गाडी चालवतो, हे मला तेव्हा दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण हे सावकाश चालवायचे, आरशातून नजर काढायचे नाहीत, आणि हॉर्न ऐकू येत नसल्यामुळे कुणी वाजवायच्या आधीच बाजूला व्हायचे. अख्ख्या फ्रीगंजात इतका समजूतदार ड्रायव्हर नसेल.

फाल्गुनात व्हॅन डुलायला लागली. पुढची बाजू प्रत्येक खड्ड्यात खाली बसायची आणि वर आल्यावर दोन-तीनदा नुसती हलत राहायची. मुलांना मजा वाटायची, मुलांच्या आयांना नाही. त्यांच्यातली एक, दातांच्या डॉक्टरांची बायको, गोड बोलणारी बाई, एकदा खिडकीपाशी येऊन म्हणाली, "भाई साहब, छुट्टियों में गाड़ी ठीक करवा लीजिए। वरना जुलाई से हम लोग दूसरी वैन देख रहे हैं।" ती दुसरी व्हॅन आम्हालाही माहीत होती. नवीकोरी, आत टेपरेकॉर्डर, ड्रायव्हर तरणाताठा.

म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत काम झालं तर डबा चालू, नाही तर ओटा. इतकं सरळ होतं ते.

पुढचे दोन्ही शॉकर गेले होते. शॉकर म्हणजे चाकाच्या वर उभा असतो तो जाड नळा, त्याच्याभोवती स्प्रिंग आणि डोक्यावर जाड रबराची टोपी. रस्त्याचा धक्का तो आधी पितो, मग माणसांपर्यंत येऊ देतो. नवे शॉकर आणि नवी रबरं ह्यांनी इंदूरहून आणली. मी म्हटलं, आता गॅरेजमध्ये टाका. त्यावर ओट्यावर बसलेले उस्ताद हसले.

उस्ताद म्हणजे मिलमधले जॉबर. मागांच्या एका रांगेचा कारभार ज्याच्या हाती असतो तो जॉबर. ह्यांच्या हाती पहिला माग त्यांनीच दिलेला. वय झालेलं, पांढरी दाढी, अंगात कायम खाकी शर्ट. दुसरे त्यांच्यासोबत असायचे ते फिटर, ह्यांच्याच वयाचे, बोलायला कमी आणि पोहे खायला पुढे. उस्ताद माझ्याकडे बघून म्हणाले, "भाभी, मिल के आदमी गैरेज जाएँगे? दुनिया क्या कहेगी?" दुनियेला आमच्या गाडीची काहीही पडलेली नव्हती, पण हे मी मनातच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं अंगणात हजर. किती वाजता, तर पहिल्या पाळीच्या वेळेला. मी अजून दात घासत होते. उस्तादांनी खाकी शर्टाच्या बाह्या दुमडल्या, फिटरनी अवजारांची पिशवी उघडली, आणि ह्यांनी कोनाड्यातून ती लांब चोचीची तेलाची कुप्पी काढली. मिलमधून ह्यांनी आणलेली तेवढी एकच वस्तू. फाटकाला कुलूप लागलं त्या दिवशी ती हातातच राहिली होती, असं हे सांगायचे. आमच्या देवघरातल्या समईपेक्षा ती जास्त लखलखीत असायची.

त्या तिघांचं काम बघणं म्हणजे मूकनाट्य होतं. जॅक लावला, खाली लाकडाचे ठोकळे सरकवले, चाक काढलं, आणि कोणाच्या तोंडून शब्द नाही. अंगण इतकं शांत की निंबोळी पडलेली ऐकू यावी, आणि तरी ते मागांच्या गोंधळात असल्यासारखे खुणा करत होते. उस्ताद दोन बोटं वळवायचे, फिटर पाना द्यायचे. हे भुवई उडवायचे, उस्ताद मान हलवायचे. मी चहा घेऊन गेले तर मलाही खुणेनंच सांगितलं, तिथे ठेव. मीही खुणेनंच विचारलं, साखर बरोबर? उस्ताद खो खो हसले आणि मोठ्यांदा म्हणाले, "भाभी को भी भर्ती कर लो!"

खरा प्रश्न स्प्रिंगचा होता. ती शॉकरवर दाबून बसवलेली असते. तशीच सोडली तर उडून माणसाचं तोंड फोडेल. गॅरेजवाल्यांकडे ती दाबून धरायचा खास शिकंजा असतो. ह्यांच्याकडे कुठला? फिटरनी लोखंडी पट्ट्या आणि लांब बोल्ट जोडून घरीच एक बनवला. त्यात दिवस गेले. पट्टी वाकायची, ते पुन्हा सरळ करायचे, बोल्ट आखूड पडायचा, हे भंगारवाल्याकडे चक्कर मारून यायचे. अंगणातून आत यायला मला वाट नाही, दोरीवर कपडे वाळत घालावे तर त्यांना काळे डाग. वैताग आला होता. एकदा मी म्हटलंही, "अहो, जुलै येतोय, तुमचं काय मिल सुरू झाल्यासारखं आरामात चाललंय?" आणि म्हणून झाल्यावर मला कळलं, मी काय म्हणाले ते. खरंच मिल सुरू झाली होती. माझ्या अंगणात. तिघांना पाळी होती, सुट्टी होती, डबा होता. उस्ताद आणि फिटर आता घरून डबे आणत होते आणि दुपारी तिघंही अंगणातल्या निंबाखाली मांडी घालून एकमेकांच्या भाज्या खात होते.

त्यानंतर मी तोंड मिटलं. कपडे गच्चीवर वाळत घातले.

स्प्रिंग दाबली गेली तो दिवस मला आठवतो. तिघंही घामाने निथळत होते, उन्हाची तिरीप थेट डोळ्यांवर. उस्तादांनी हात वर केला तसे सगळे थांबले. जुना शॉकर निघाला, तेल गळून काळाठिक्कर पडलेला. नवा बसवला. वर नवी रबराची टोपी ठेवली. ती इतकी कोरडी, इतकी नवी, की उस्तादांना बघवेना. त्यांनी अंगठा खाली वाकवला. ह्यांनी कुप्पी दिली. उस्तादांनी लांब चोच रबराच्या कडेला टेकवून थेंब थेंब तेल सोडलं आणि बोटाने सगळीकडे फिरवलं, जसं मी वर्षानुवर्षं आमच्या मुलीच्या डोक्याला लावलं तसं.

"सूखा नहीं छोड़ते," ते मला समजावत म्हणाले. "सूखा छोड़ा तो मशीन रोती है।"

मला ते फार आवडलं. खोटं कशाला बोलू.

दुसरी बाजू लवकर झाली. हाताला सवय लागली होती. संध्याकाळी सगळे भैरवगढपर्यंत फेरी मारून आलो. नदीकाठी छापलेल्या चादरी वाळत घातलेल्या होत्या. रस्ता नेहमीसारखाच फुटका होता, आणि व्हॅन मात्र त्यावरून शहाण्यासारखी गेली. खड्ड्यात बसली की एकदाच वर यायची आणि गप्प. उस्ताद पुढे बसले होते, डॅशबोर्डवर तळहात पालथा ठेवून. कान नाहीत म्हटल्यावर ही माणसं मशीन हाताने ऐकायची. जरा वेळाने त्यांनी तो हात उचलून हवेत गोल फिरवला. चालू.

काम संपलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीच्या वेळेला दोघं पुन्हा अंगणात हजर.

मी चहा दिला. ते व्हॅनभोवती फिरले, चाकाचे नट बघितले, ते घट्टच होते. फिटरनी काच पुसली. उस्ताद निंबाखाली बसले, उठले, पुन्हा बसले. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. शेवटी ह्यांनीच वाट काढली. मिलमध्ये रविवारी माग बंद असायचे तेव्हा साफसफाई आणि तेलपाणी व्हायचं. हे म्हणाले, "उस्ताद, गाडी भी मशीन है। इतवार को ऑइलिंग तो होनी चाहिए।" उस्तादांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आता त्यांच्याकडे कोणी काही मागितलं तर ते देऊन टाकतील.

जुलैत शाळा उघडली. डबा निघाला. डॉक्टरीणबाईंनी गाडीत बसून पाहिलं आणि म्हणाल्या, "अरे वाह, भाई साहब!" ती नवी व्हॅन दुसऱ्या मोहल्ल्यात गेली. रविवारी मी पोहे करायची, वर शेव, बाजूला भुरभुरायला जिरावण मसाला, आणि अंगणात तेलपाणी चालायचं. दरवाजांच्या बिजागऱ्या, सीटच्या पट्ट्या, चाकं एकेक करून काढून आतलं सगळं. आणि दर वेळी शेवटी, अगदी मन लावून, रबरं. मी खिडकीतून बघायची आणि देवाला म्हणायची, बास, एवढंच राहू दे, ह्याहून जास्त मी मागत नाही.

गणपती उठले आणि आवाज सुरू झाला.

पहिल्यांदा ऐकला तो मीच. हे गाडी अंगणातून बाहेर काढत होते, स्टिअरिंग वळवलं, आणि पुढून 'खट्' झालं. मग गल्लीच्या खड्ड्यात पुन्हा खट्, खट्. मला वाटलं, दगड असेल. दुसऱ्या दिवशी तसंच. ह्यांना ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. मी समोर जाऊन सांगितलं, "अहो, पुढून आवाज येतोय." हे म्हणाले, "काही नाही गं, नवे शॉकर आहेत, सेट होतायत." आठवड्याभरात तो आवाज गल्लीच्या तोंडाशी गेलेल्या गाडीचाही मला स्वयंपाकघरात ऐकू यायला लागला. गावभर ऐकू येत होता. फक्त ज्यांनी काम केलं त्या तिघांना येत नव्हता. रविवारी उस्तादांनी चालू गाडीच्या डॅशबोर्डवर तळहात ठेवला आणि समाधानाने गोल फिरवला. वयाने त्यांचे हातही आता तितके ऐकत नसावेत.

मग डॉक्टरीणबाई पुन्हा खिडकीशी आल्या. मुलं घाबरतात म्हणाल्या. ह्यांनी त्या दिवशी घरी येऊन, न जेवता, एकट्याने चाक काढलं. आत हात घालून वरचं रबर चाचपलं. बोट आत गेलं. पिकलेल्या चिकूत जावं तसं. ह्यांनी ते तेलकट बोट माझ्यापुढे धरलं.

"तेलाने झालंय," हे म्हणाले.

मला आधी कळेना. तेलाने कधी काही बिघडतं का? हे म्हणाले, मिलमध्ये लोखंड होतं, लाकूड होतं, चामडं होतं. त्यांना तेल मानवतं. रबराला नाही. रबर तेल पितं, फुगतं आणि सडतं. "मला कळायला हवं होतं," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "उस्तादांना कसं कळणार?"

इंदूरहून पुन्हा नवी रबरं आली. बसवायला उस्तादांना बोलवायचं नाही, असं ह्यांनी मला सांगितलं. मी कारण विचारलं नाही, कळत होतं. शनिवारी दुपारी मी साडीचा पदर खोचला आणि म्हटलं, "मी धरते." फिटरनी बनवलेला तो शिकंजा मी दोन्ही हातांनी धरून बसले, हे बोल्ट आवळत गेले, आणि ती स्प्रिंग माझ्या छातीपासून वीतभर अंतरावर कुरकुरत दबत गेली. भीती वाटली का? खूप. पण सांगते, इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांच्या कामात मला पहिल्यांदाच हात लावायला मिळाला होता. हे बोटांनी खूण करायचे आणि मी पाना द्यायची. चुकले नाही. अंधार पडायच्या आत दोन्ही बाजू झाल्या. गल्लीत फेरी मारली, मी कान देऊन बसले होते. एक आवाज नाही.

हात धुताना मी म्हटलं, "आता उद्या उस्तादांना सांगून टाका."

"काय सांगू?"

"की रबराला तेल चालत नाही म्हणून."

हे साबण चोळत राहिले. "त्यांनी मला माग शिकवला. त्यांना सांगू, तुमच्या हाताने गाडी बिघडली?"

"बरं, कारण सांगू नका. नुसतं सांगा, तेल नको."

"तेल नको तर ते येतील कशाला?"

मी चिडले. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. म्हटलं, त्यांना चहा पाजा, पोहे खाऊ घाला, पत्ते खेळा, पण हे करू नका. म्हटलं, तुमचं चालतं काम जाईल. म्हटलं, माझा विचार करा. मी ह्यांच्या पाठीमागे उभी राहून बोलत होते, आणि हे पाण्याकडे बघत होते. ऐकू आलं नाही, की ऐकायचं नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

रविवारी दोघं आले. चाकं निघाली. उस्तादांनी आत वाकून बघितलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अरे, नया रबर? और सूखा?"

मी पोह्यांची ताटली घेऊन दारात उभी. एक शब्द पुरला असता. ह्यांनी म्हणायचा होता, नाही तर मी. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. उस्तादांनी अंगठा खाली वाकवला आणि ह्यांनी कोनाड्यातून कुप्पी काढली, फडक्याने पुसली आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली. उस्तादांनी थेंब थेंब तेल सोडलं. बोटाने सगळीकडे नीट फिरवलं. त्या दिवशी पोह्यांत मीठ घालायचं राहिलं होतं, तेही मला कोणी सांगितलं नाही.

त्यानंतर मी रविवारी खिडकी लावून घ्यायची.

दिवाळी झाली आणि खट् परत आला. ह्या वेळी मी सांगितलं नाही. ह्यांनी स्वतःच रोज सकाळी रबर बोटाने दाबून बघायला सुरुवात केली होती. एक दिवस बोट थोडं आत गेलं असावं. त्या दुपारी मुलं घरोघर सोडून झाल्यावर ह्यांनी प्रत्येक घरी उतरून हात जोडले आणि सांगितलं की उद्यापासून गाडी येणार नाही. डॉक्टरीणबाईंना वाईट वाटलं. एवढं तरी काय झालं, दुरुस्त करून घ्या, आम्ही थांबतो, असं त्या म्हणाल्या. हे मला ह्यांनीच सांगितलं. मी म्हटलं, "मग थांबायला सांगायचं होतं त्यांना."

"मुलं आहेत ती," हे म्हणाले. "सडक्या रबरावर मुलं नाही नेणार मी."

पुन्हा नवी रबरं घातली तरी रविवारी त्यांना तेल लागणारच होतं. मुलांना धोक्यात घालणार नाही, आणि उस्तादांना दुखावणार नाही. दोन्ही बाजूंनी ह्यांनी स्वतःलाच काढून टाकलं होतं. एवढा चांगुलपणा माझ्या वाट्याला आला, आणि तो मला नको होता. आजही मला त्या गोष्टीचा राग आहे. राग आहे आणि त्या रागाला कुठे ठेवावं ते कळत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी सवयीनं उठले, पोळ्या केल्या आणि डबा भरला. भरून झाल्यावर लक्षात आलं. डबा ओट्यावर ठेवायला माझा हात होईना, म्हणून तो तसाच हातात धरून मी उभी राहिले. ह्यांनी आंघोळ केली, दाढी केली, धुतलेला शर्ट घातला, माझ्या हातातून डबा घेतला आणि अंगणात जाऊन व्हॅनमध्ये बसले. दार लावून घेतलं. डबा मांडीवर, दोन्ही हात स्टिअरिंगवर. किल्ली लावली नव्हती.

पहिल्या पाळीची वेळ होती. उस्ताद कुंपणापलीकडून चालत दूध आणायला निघाले होते, हातात किटली. त्यांनी गाडीत बसलेल्या ह्यांना बघितलं, निघण्याच्या तयारीत, डब्यासकट. बघून त्यांना किती आनंद झाला ते मला स्वयंपाकघराच्या दारातून स्पष्ट दिसलं. त्यांनी किटली दुसऱ्या हातात घेतली, मोकळा हात वर करून गोल फिरवला आणि भुवया उंचावल्या. चालू?

ह्यांनी स्टिअरिंगवरचा हात काढला. काचेमागून तो हवेत गोल फिरवला.

उस्ताद मान डोलावत दूध आणायला गेले.